रात्रीची लाईन, सकाळची झोप आणि गल्लीतली पोरं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं पत्र, नाव-गाव गाळून थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या ताई चाळिशीच्या आहेत. घरात त्या आणि नवरा, दोघंच. पाच एकर वावर, विहीर आणि विजेचा पंप. रब्बीत चना आणि गहू. ओलितासाठीची थ्री फेज लाईन, म्हणजे पंप चालवणारी वीज, आठवड्यातून चार दिवस रात्री असते, तीन दिवस दिवसा. रात्रीच्या लाईनवर नवरा वावरात जातो, सकाळी साडेसहाच्या सुमारास परततो, चहा घेतो आणि झोपतो. घराला लागून चुलत दिराचं घर. त्यांना तीन एकर, विहीर आहे पण वीजजोडणी नाही, म्हणून जाऊ मजुरीने कापूस वेचायला जाते. त्यांची तीन लेकरं आणि गल्लीतली आणखी पाच-सहा पोरं सकाळी सात वाजताच सिमेंटच्या रस्त्यावर क्रिकेट मांडतात. ताईंच्या कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, टिनाच्या फाटकावर कोळशाने तीन रेघा ओढल्या आहेत, तेच स्टंप. बॉल टिनावर आदळला की नवरा दचकून उठतो. ताईंनी समजावलं, रागावल्या, बॉल ठेवून घेतला. शेवटी एकदा बॉल विळ्याने कापला. जाऊ म्हणाली, “पोट्टेच हायेत, खेळतीनच. त्याइले का दावनीले बांधू?” आणि पुढे, “तुले लेकरू नाही, तुले नाही समजनार.” त्या दिवसापासून बोलणं बंद आहे. ताई विचारतात: पोलिसात तक्रार देऊ, तंटामुक्ती समितीकडे जाऊ, की गावातलं घर सोडून वावरात राहायला जाऊ? आणि एक प्रश्न त्यांनी अगदी शेवटी लिहिला आहे: मला लेकरं असती तर हा गलका मला सहन झाला असता का?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळ्यापेक्षा तोच तुम्हाला जास्त छळत असावा.

जाऊबाई बोलल्या ते फार वाईट बोलल्या. रागात माणूस समोरच्याचं सगळ्यात दुखरं ठिकाण शोधतो आणि घरातल्या माणसाला ते शोधावंही लागत नाही, माहीतच असतं. पण त्या बोलण्याचा पुरावा करून तुम्ही स्वतःला तपासायला बसू नका. चार लेकरांची आईसुद्धा घरात रात्रभर राबून आलेलं माणूस झोपलं असलं की पोरांच्या पाठीत धपाटा घालून त्यांना बाहेर पिटाळते. रात्रभर चिखलात दांड फोडून आलेल्या माणसाला सकाळी झोप हवी, एवढंच तुमचं म्हणणं आहे. ते रास्त आहे. ते म्हणायला पदरी मूल असावं लागत नाही. हे मनात पक्कं करा आणि मगच पुढचं वाचा, कारण पुढे मी तुम्हालाही काही विचारणार आहे.

तुम्ही लिहिता, पोरं मुद्दाम करतात, आईची फूस आहे. मला तुमच्याच पत्रातून दुसरं काही दिसलं. गल्लीच्या वरच्या टोकाला हापशी आहे, तिथे बायका पाणी भरतात. खालच्या टोकाला उघडी नाली आहे, बॉल तिथे गेला की खेळ संपला. मधला सरळ तुकडा तेवढा तुमच्या कोठ्यासमोरचा. फाटक बंद असतं, म्हणून बॉल मागे जात नाही, कीपर लागत नाही आणि आऊट झालं की टिन वाजतं, भांडणाला जागा उरत नाही. आठ-दहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांनी पाहाल तर याहून चांगली जागा अख्ख्या गल्लीत नाही. बॉल कापल्यावर पोरं दोन दिवस गप्प होती आणि तिसऱ्या दिवशी परत आली, असं तुम्ही लिहिलंय. त्यात मला सूड दिसत नाही. नवा बॉल यायला दोन दिवस लागले असतील.

आता आवाजाचं. तुम्ही ‘गलका’ लिहिता, पण नवरा उठतो तो टिनाच्या दणक्याने. हे दोन वेगळे आवाज आहेत. एकसारखा चालणारा आवाज, पंख्याचा किंवा लांबून येणारा बोलण्याचा, झोपलेला मेंदू काही वेळाने सोडून देतो. अचानक झालेला मोठा आवाज मात्र त्याला धोक्याचा वाटतो आणि तो माणसाला उठवतो. त्यात दिवसाची झोप मुळातच हलकी. उजाडलं की शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, म्हणून सकाळी सातला आडवं झालेलं माणूस रात्री दहाला झोपलेल्यासारखं गाढ झोपत नाही. म्हणजे पोरांचं ओरडणं पूर्ण थांबवण्याची गरज नाही. ते थांबणारही नाही. टिन वाजणं थांबलं तरी अर्धा त्रास जाईल, आणि ते तुमच्या हातातलं आहे.

मागच्या वर्षीच्या तुराट्या शिल्लक असतील तर फाटकाच्या पुढे हातभर अंतरावर कूड उभा करा. नसतील तर फाटकाला बाहेरून बारदानाची दुहेरी घडी ताराने बांधून टाका. बॉल पोत्यावर धप्प वाजेल, टिनासारखा कानात शिरणार नाही. नवऱ्याचं अंथरूण गल्लीच्या भिंतीपासून काढून मागच्या खोलीत न्या, खिडकीवर जाड गोधडी टाका आणि थंडी असली तरी पंखा भिंतीकडे तोंड करून मंद चालू ठेवा. त्याच्या घरघरीत बाहेरचे बारीकसारीक आवाज बुडतात. कानात कापूस घालता असं लिहिलंय, त्याचा उपयोग फारच थोडा. मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात, ते चोळून बारीक करून कानात नीट बसवले की बराच फरक पडतो.

आणि तो चहा. वावरातून आल्यावर गरम चहा हवासा वाटणारच, पण चहाचा परिणाम काही तास अंगात राहतो आणि आधीच हलकी असलेली झोप आणखी हलकी होते. आल्यावर गरम दूध द्या, नाहीतर भाकरी आणि गरम वरण. चहा उठल्यावर. मोठ्या माणसाला दिवसाकाठी सात तास तरी झोप लागते आणि ती सकाळच्या एका झोपेत पूर्ण होणार नाही. लाईन रात्री दहाला येत असेल तर संध्याकाळी लवकर जेवून तास-दीड तास पाठ टेकायची सवय त्यांना लावा. मग सकाळी दहाला झोप मोडली तरी माणूस चिडचिडा होत नाही.

वेळेचा हिशेब तुम्ही एकदा मांडून बघा, मला त्यात मोठा मार्ग दिसतो. लाईन रात्रीची असते चार दिवस. पोरांची शाळा साडेदहाला, म्हणजे दहाला गल्ली रिकामी होते. शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळे त्या सकाळचा प्रश्नच नाही. उरल्या तीन-चार सकाळी, सात ते दहा, आणि त्याही चना-गव्हाच्या ओलितापुरत्या. दिवसाच्या लाईनच्या सकाळी पोरं खेळली तर तुमचं काही बिघडत नाही. एखादा रविवार रात्रीच्या लाईननंतर आला तर तो अवघड जाईल, तेवढा सोसावा लागेल. पण आजवर तुम्ही पोरांकडे काय मागितलं? ‘इथे खेळू नका.’ म्हणजे कायमचं. हे कुठलंही पोर ऐकणार नाही. ‘या या सकाळी दहापर्यंत फाटकावर बॉल नको’ हे ऐकण्यासारखं आहे.

ते त्यांना कळणार कसं, तर खूण ठेवा. रात्रीच्या लाईनवरून नवरा आला की त्याचा दुपट्टा फाटकाच्या कडीला बांधा. दुपट्टा दिसला की मोठेबाबा झोपलेत, स्टंप हापशीच्या अलीकडे विटांचे मांडायचे. दुपट्टा नसला की फाटक त्यांचं. पोरांना अशा खुणा आवडतात आणि मोठ्यांनी आपल्यावर काही सोपवलं की ती एकमेकांवर पहारा करतात. पण हे सांगायच्या आधी तुम्हाला एक करावं लागेल. कापलेला बॉल भरून द्या. बाजाराच्या दिवशी चांगला टेनिसचा बॉल आणा, त्यातल्या मोठ्या पोराच्या हातात द्या आणि रागात कापला, चुकलं, असं सांगा. लहान मुलापुढे मोठ्याने चूक मान्य केली की ते मूल ती गोष्ट विसरत नाही. टेनिसचा बॉल मुद्दाम म्हणते. कडक प्लास्टिकच्या बॉलपेक्षा तो टिनावर कमी वाजतो.

पोरांशी आधी बोला, जाऊबाईंशी नंतर. आईमार्फत गेलेला निरोप पोरांपर्यंत शिव्या होऊन पोचतो.

जाऊबाईंविषयी तुम्ही लिहिलंय, ‘सकाळी पोरांना बाहेर हाकलते आणि स्वतः घरात.’ घरात त्या काय करत असतील त्या वेळी? आठला वेचणीच्या बायका निघतात. त्याआधी पाच माणसांचा स्वयंपाक, डबा, पाणी. दोन खोल्यांचं घर, चुलीजवळ तीन लेकरं. ती बाहेर गेल्याशिवाय त्यांचं काम उरकत नसेल. कापूस वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, उशीर झाला की त्या दिवसाची मजुरीच कमी होते. तुम्ही दोघी सकाळच्या त्याच तासांवर ओढाताण करताय. दोघींनाही ते तास हवेत आणि दोघींचीही गरज खरी आहे.

म्हणून बोलायला जाल ते संध्याकाळी जा, वेचणीवरून येऊन त्यांचे हातपाय धुऊन झाल्यावर. खेळ चालू असताना आणि गल्लीत चार बाया उभ्या असताना नको. बॉलचं आधी सांगून टाका. मग एवढंच: “पोरं खेळू दे वं. हे रात्रीच्या लाईनवरून आले का दहा वाजेपर्यंत फाटकावर बॉल नको मारू म्हना, बाकी माह्यं काही म्हननं नाही.” पोरांना खुणेचं आधीच सांगितलंय हेही सांगा, नाहीतर आपल्या मागे आपल्या लेकरांना शिकवलं असं त्यांना वाटेल. लेकराचा टोमणा त्याच दिवशी उकरू नका. पण गिळूनही टाकू नका. आठ-पंधरा दिवसांनी, दोघीच असताना, “तू लेकराचं बोलली ते मले लागलं” एवढं एकदा स्पष्ट सांगा आणि उत्तराची वाट न पाहता उठा. त्या लगेच माफी मागतील असं मी म्हणत नाही. पण तुम्ही सांगितलं नाहीत तर पुढच्या प्रत्येक भांडणात ते वाक्य तुमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसेल.

तुमच्या पत्रात आणखी एक ओळ आहे, तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘हे येईपर्यंत माझा डोळा लागत नाही.’ ताई, मग न झोपलेलं माणूस घरात एक नाही, दोन आहेत. रात्री साप-विंचवाची धास्ती, रानडुकरांची धास्ती, पंपाचा करंट. तुम्ही अर्धी रात्र जागता आणि सकाळी सात ते दहा ओट्यावर बसून पोरांवर डोळा ठेवता. नवरा काय म्हणतो, तर पत्रात त्यांचे दोनच शब्द आहेत: ‘जाऊ दे.’ ते कदाचित उठून पुन्हा झोपतही असतील. राखण तुम्ही करताय आणि थकलाय तुम्ही. ज्या सकाळी दुपट्टा बांधाल त्या सकाळी तुम्हीही दार लावून झोपा. झाडलोट दहानंतर. रात्रीसाठी त्यांना गमबूट आणि चांगली बॅटरी घ्या, शेजारच्या वावरवाल्याशी बोलून दोघांनी जोडीने जायचं ठरवता येतं का बघा आणि मध्यरात्री एक फोन करायचं ठरवून घ्या. फोन आला की तुम्ही झोपायचं. तुमची झोप भरली की पोरांचा आवाज आज वाटतो तेवढा मोठा वाटणार नाही असा माझा अंदाज आहे.

आता तुम्ही विचारलेल्या तीन वाटा.

पोलिसांकडे जाऊ नका. ध्वनी प्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत, त्यात राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. पण त्या नियमांचा सगळा रोख भोंगे, हॉर्न, फटाके, बांधकामाची यंत्रं यांच्यावर आहे. सकाळी सातला गल्लीत खेळणारी पोरं मोजायला कोणी यंत्र घेऊन येणार नाही. सार्वजनिक उपद्रवाचं कलम भारतीय न्याय संहितेत आहे, 292, त्यात दंड हजार रुपयांपर्यंत. समजा झालाच, तर हजार रुपये चुलत दीर भरेल आणि भाऊकीतलं वैर तुम्ही वर्षानुवर्षं भराल. शिवाय खेळणं हा मुलांचा हक्क आहे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात एकतिसावं कलम त्याचंच आहे आणि भारताने तो करार 1992 मध्ये स्वीकारला. याच गल्लीत रात्री दहानंतर कोणी डीजे लावला तर गोष्ट निराळी, तिथे कायदा तुमच्या बाजूने उभा आहे, 112 वर फोन करायला अजिबात संकोच करू नका.

गावातले तंटे गावातच मिटवायची तंटामुक्त गाव मोहीम 2007 पासून आपल्याकडे आहे आणि अनेक गावांत समितीने चांगली कामं केली आहेत. पण समितीपुढे गेलं की गोष्ट दोन घरांची राहत नाही, चावडीवर दोन बाजू पडतात. ती वाट महिना-दोन महिने बाकी सगळं करून झाल्यावर. त्याआधी भाऊकीतलं एखादं वडीलधारं माणूस, ज्याचा शब्द दोन्ही घरात चालतो, ते बरं.

वावरात राहायला जाणं मला पटत नाही. पाण्याची, औषधाची, दवाखान्याची गैरसोय तुम्हीच लिहिली आहे आणि तिथे एकटेपणा दुप्पट होईल. मात्र वावरातली खोली धड असेल तर रात्रीच्या लाईनच्या दिवसांत नवऱ्याने सकाळी तिथेच चार तास झोपून दहा-अकराला जेवायला घरी यावं, हे हिवाळ्यात जमू शकतं. उन्हाळ्यात टिनाखाली शक्य नाही.

पोरांना दुसरी जागा मिळवून देणं हे तुमचं एकटीचं काम नव्हे, पण सुरुवात तुम्ही करू शकता. शाळेचं मैदान आहे, फाटकाला कुलूप असतं असं तुम्ही लिहिलंय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. जाऊबाईंची तीन लेकरं त्याच शाळेत आहेत, त्यांनी समितीतल्या पालकांकडे विषय काढला तर त्याला वजन येईल. सकाळी सातला कुलूप कोण काढणार आणि दहाला कोण लावणार, एवढं ठरलं की झालं. नाही जमलं तर 26 जानेवारीच्या ग्रामसभेत गावठाणातली मोकळी जागा साफ करून देण्याचं बोला. त्या जागेवर उकिरडे असतील, वाद होतील. तरी बोला.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. घरात लकव्याचं माणूस आहे, बाळंतीण आहे, बारावीचं पोर अभ्यासाला बसलंय, अशीही पत्रं येतात. त्यांनाही मी हेच विचारते: नेमका कोणता आवाज, कोणत्या वेळी, किती दिवस? बारावीची परीक्षा दीड-दोन महिन्यांत उरकते, तेवढ्यापुरतं मागितलं तर गल्ली देते. उन्हाळ्याचं मात्र वेगळं. आपल्याकडे ऊन पंचेचाळिशीला टेकतं, शाळा उघडायला जून संपत येतो आणि पोरांना खेळायला सकाळ आणि दिवेलागणीनंतरचे दोन तास एवढेच उरतात. त्या दिवसांत संध्याकाळचा गलका सोसावा, असं मी स्पष्टच सांगेन. दुसरं म्हणजे, शेजारून येणारा आवाज खेळण्याचा नसून रोज मार खाणाऱ्या लेकराचा असेल, तर तो आवाज सहन करायचा नाही. 1098 हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे, तिथे कळवा.

राहिली लाईन. या सगळ्या भांडणाचं मूळ तिच्यात आहे, पोरांमध्ये नाही, आणि त्यासाठी दोन्ही घरांना करण्यासारखं काही आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा 2023 मध्ये आला, त्यात शेतीचे फीडर, म्हणजे वावरांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, सौर प्रकल्पांवर घेतात. तुमचा फीडर त्यात आहे का, नसेल तर कधी येणार, हे नवऱ्याने महावितरणच्या शाखेत जाऊन विचारावं. गावातल्या आणखी दहा जणांना सोबत न्यावं, म्हणजे उत्तर नीट मिळतं. आणि चुलत दिराच्या विहिरीवर जोडणी नाही, त्यांच्यासाठी 2024 पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आहे. शेतकऱ्याला किमतीचा दहा टक्के हिस्सा भरावा लागतो, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के. अडीच ते पाच एकराला पाच एचपीचा पंप मिळतो, त्यांचे तीन एकर त्यातच बसतात. जाऊबाईंना हे माहीत आहे का, विचारा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे ना, तेवढं आधी बघायला सांगा. नोंद नसेल तर तलाठ्याकडची ती फेरी पहिली, मग आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन अर्जासाठी सेतू केंद्रावर.